सासू, भोळी आणि दोन नंबरचा फिल्टर

१

धोंडबाला दोन नंबरच्या फिल्टरमधून वर काढलं तेव्हा त्याच्या उजव्या मुठीत गाळाचा गोळा होता. जीव गेला, पण माणसाने हातातलं काम सोडलं नव्हतं.

नागपूरच्या हुडकेश्वरच्याही पलीकडे, उघड्या माळावर, शहराचं पाणी गाळणारं ते केंद्र. तिथला फिल्टर म्हणजे खोलीएवढा हौद, तळाशी वाळूचा जाड थर. वाळू मळली की वरचं पाणी सोडून द्यायचं आणि खालून आधी हवा, मग पाणी मारून ती धुवायची. याला सगळे 'वॉश' म्हणत. वॉश चालू असताना वाळू शिजत्या पेजेसारखी रटरटते. तिच्यावर उभा असलेला माणूस मग उभा राहत नाही, आत जातो.

शहाऐंशीचा दसरा होऊन चार-सहा दिवस झाले होते. भर दुपारी, दोन नंबरचा वॉश अर्ध्यावर असताना, दसऱ्यानंतर पहिल्यांदाच, लाइट गेली. धोंडबा नेहमीप्रमाणे वाळूतले गाळाचे गोळे वेचायला आत उतरला. हा कुहीकडचा माणूस, धानाच्या बांधीत उतरावं तसा फिल्टरमध्ये उतरायचा. थोड्या वेळाने लाइट आली आणि राहिलेला वॉश सुरू झाला.

वॉशचं बटण भिंतीपलीकडच्या खोलीत, नत्थूजी निखारेच्या टेबलावर. तेव्हा दोषी कोण हे शेंबडं पोरही सांगेल, असं सगळ्यांना वाटलं. नत्थूजी एकच वाक्य घोकत होता, "मी बटणाले हात नाई लावला." धोंडबा आणि तो एकाच वर्षी नोकरीला लागलेले, एकाच डब्यात जेवणारे. आपल्या हाताने आपला जोडीदार मारला, हे कोण कबूल करील?

पुढच्याच आठवड्यात पुन्हा वॉशच्या मध्यावर लाइट गेली आणि आली. नत्थूजी तेव्हा बाहेर चहाच्या टपरीवर होता. खोलीला कुलूप होतं. तरी दोन नंबरचा फिल्टर आपला आपण जागा झाला.

२

"भूत असेल तर काढा, नसेल तर तसं लिहून द्या," गोपाळराव म्हणाले.

गोपाळराव केंद्राचे प्रमुख. निवृत्तीला आलेला, भिडस्त माणूस. समोर बसल्या होत्या केंद्राच्या केमिस्ट, सत्यवती मेश्राम.

"माझ्याकडे पाणी तपासायचं काम आहे, साहेब. भुतं तपासायचं नाही."

"पाणीच तर बिघडून राहिलं न बाई! फिल्टरघरात पाय ठेवायले कोणी तयार नाही. म्हणतात, धोंडबा अर्धवट राहिलेला वॉश पुरा करतो. उद्या चौकशी समिती बसते आहे. तुम्ही तेव्हा रजेवर होत्या, म्हणून तुमच्यावर कोणाचा संशय नाही. उद्या नत्थूजीच्या नावावर शिक्का बसला तर नोकरी तर जाईलच, पोलिसही घेऊन जातील."

रजेचं खरं होतं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी गावाकडची माणसं सत्यवतीबाईंच्या घरी उतरायची. खंडेनवमीच्या आदल्या दिवसापासून त्यांना घरात तसूभर जागा आणि क्षणभर उसंत नव्हती. पाहुणे गेले, मग सगळ्या घराला ताप आला. धोंडबाला शेवटचं पाहणंही राहून गेलं. धोंडबा रोज सकाळी त्यांच्या प्रयोगशाळेत पाण्याची बाटली आणून ठेवायचा. आता बाटली तीच यायची, आणणारा दुसरा, आणि तो ती दारातच ठेवून पळायचा.

बाई एकट्या फिल्टरघरात गेल्या. लांबलचक दालन, खाली दोन हौद, वर गंजका कठडा. दोन नंबरचा वॉश चालू होता. भुतं, अंगारे, धुपारे यांना त्यांच्या वडिलांनी छप्पन सालीच घराबाहेर काढलं होतं, आणि बाईंनीही त्यांना परत कधी दार उघडलं नव्हतं. तेवढ्यात लाइट गेली. दालन मुकं झालं. दोन नंबरची ओली वाळू उघडी पडली होती, आणि तिच्यावर कोणीतरी नुकतंच चालून गेल्यासारखे खळगे दिसत होते.

लाइट आली. खालून मोठा उसासा आला. वाळू हलली, फुगली, आणि ते खळगे एकेक करून बुजले. बाईंच्या हातांवर काटा उभा राहिला. त्यांना तो आवडला नाही, पण उभा राहिला हे खरं.

भिंतीपलीकडच्या खोलीत कोणीही नव्हतं.

३

नत्थूजी बाहेर पिंपळाखाली बसला होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मॅडम, आता मलेच वाटून राहिलं का मीच बटण दाबलं असन. सवयीचा हात. लाइट आली का हात जाते. थो मले सपनात विचारते, 'काहून गा नत्थू, आवाज तरी द्याचा?'"

"खरंच दाबलं होतं का?"

"नाई जी. पण कोन मानते?"

"आज माझ्यासमोर वॉश आपोआप चालू झाला."

"म्या सांगतलं तं इंजिनेर उमरेडकर साहेब म्हणाले, मले वाचवाले तुमीच कोनी चोरून बटण दाबता."

बाई त्याच्या शेजारी ओट्यावर बसल्या. "नत्थूजी, मला त्या दोन पेट्यांचं पहिल्यापासून सांगा. मी प्रयोगशाळेबाहेर कधी पाहिलंच नाही."

पेट्या म्हणजे कंट्रोलर. कोणती झडप कधी उघडायची, हवा कधी, पाणी कधी, हे सगळं माणसाऐवजी ठरवणारी छोटी यंत्रं. एक पुण्याच्या कंपनीची, दुसरी बंगलोरची. दोन्ही एकेका फिल्टरवर लावून पाहायच्या आणि जी चांगली ठरेल ती शहराच्या सगळ्या केंद्रांना घ्यायची, असा बेत होता. चाचणी उपअभियंता उमरेडकरांकडे. कोणी वशिला लावू नये म्हणून त्यांनी दोन्ही यंत्रं सारख्याच राखी पत्र्याच्या डब्यांत घातली, दोन्हींना तारांचा सारखाच जोड बसवला आणि कुलपाच्या कपाटांत ठेवली. कुठली कुठे, हे फक्त त्यांना माहीत.

"त्याहीले माहीत, पण आमाले बी समजे न!" नत्थूजी पहिल्यांदाच जरासा हसला. "एक नंबरची पेटी म्हणजे सासू. लाइट गेली का जिथं राहिलं तिथूनच पुढं धरे. काई म्हणून इसरे नाई. दोन नंबरची भोळी. लाइट गेली का सारं इसरली. आपण बटण दाबू तवाच उठे. धोंडबा म्हणे, सासूच्या घरात पाय नाई ठेवाचा, भोळीच्या घरात खुशाल उतराचं."

"आणि आता भोळी आपोआप उठते."

"थे भोळी नाई मॅडम, थो धोंडबा आहे."

बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "आणि सासू? लाइट आल्यावर ती काय करते?"

नत्थूजी गोंधळला. "सासू? थे तं गुमसुम आहे जी. धोंडबा गेल्यापासून बटण दाबल्याशिवाय उठतच नाई. आमी म्हणतो, तिलेही दुःख झालं."

सत्यवतीबाई ताडकन उभ्या राहिल्या. एका घरात भूत शिरलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या घरातून कोण निघून गेलं, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

४

ओमप्रकाश हा बंगलोरच्या कंपनीचा नागपुरातला माणूस. गिऱ्हाइकाला पान खाऊ घालून मशीन विकणारा, बोलण्यात साखर पेरणारा.

"मॅडमजी, आमच्या पेटीत छोटा सेल असतो. लाइट जाऊ द्या, तुफान येऊ द्या, जिथे थांबली तिथूनच पुढे. मेमरी एकदम हत्तीसारखी! पुण्याची ती विसरभोळी. लाइट आली की आपल्या तोंडाकडे पाहत बसते."

"तुमची पेटी कोणत्या फिल्टरवर आहे?"

"कसम से, नाही माहीत. उमरेडकर साहेब सांगतच नाहीत. म्हणून तर हादसा झाल्यावर मीच गोपाळरावांच्या मागे लागलो, कपाटांवर लाखेची मोहर लावा. पुण्यावाल्यांनी काही गडबड केली, तर आमच्या पेटीच्या माथी खून नको."

"मोहर कधी लागली?"

"त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत."

उमरेडकर आपल्या टेबलाशी होते. तरतरीत, हुशार, केंद्रात सर्वांत जास्त शिकलेले. समोर चाचणीचा अहवाल टाइप होऊन तयार होता. बाईंनी पेट्यांबद्दल विचारताच त्यांच्या कपाळावर आठी आली.

"मॅडम, कुठली पेटी कुठे हे उद्यापर्यंत मी सांगणार नाही. गुप्तता हाच या चाचणीचा पाया आहे. दसऱ्यापासून तसाही माझा जीव मेटाकुटीला आला आहे. खंडेनवमीला या लोकांनी हट्ट धरला, बंद कपाटाची पूजा कशी करायची म्हणून! पेट्या बाहेर काढून पाटावर मांडाव्या लागल्या. काय ते हळद, काय ते कुंकू."

"परत कोणी बसवल्या?"

"मीच. दुसऱ्या कोणाला हात लावू देतो का? बरबटलेल्या होत्या, तशाच बसवल्या आणि कुलूप घातलं. त्यानंतर मोहर लागेपर्यंत ते कुलूप उघडलेलंच नाही. किल्ली एकच, आणि ती माझ्या खिशात."

"घाईत अदलाबदल तर झाली नसेल?"

उमरेडकरांनी बाईंकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "माझ्याकडून अशा चुका होत नाहीत," ते म्हणाले.

बाहेर येताना बाई पंपघरातून आल्या. खंडेनवमीचं कुंकू सगळीकडे होतं: पंपांच्या पोटावर, तुरटीच्या तराजूवर, कारकुनाच्या टाइपरायटरवरसुद्धा. सुकलं होतं, भुरभुरलं होतं, पण होतं. पूजेचं कुंकू कोणी पुसत नाही. ते आपलं आपण जाऊ देतात.

५

धोंडबाची बायको देवकी केंद्राच्या आवारातच, चाळीत राहायची. दारात भिवापुरी मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि त्या गोळा करायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"या बाई. थे असते तं म्हणाले असते, आज लॅब आमच्या घरी आली."

बाईंनी देवकीचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "देवकीताई, खंडेनवमीच्या पूजेला तुम्ही होतात?"

"होतो न. हळद म्याच कालवून देल्ली होती, ताटात. आमच्या तिकडं नव्या अवजाराले हळदीचे बोटं ओढतेत. आमच्या यायनं त्या दोन पेट्याइले ओढले."

"बोटं? दोन्हींना सारखीच?"

"नाई वं बाई. एक नंबरच्या पेटीले एक बोट, दोन नंबरचीले दोन. मी म्हटलं, हे कायले? तं मले म्हणे, दोघी जुळ्या बहिणी दिसतेत, साहेब घाईत यिचं घर तिले देईन. निशाणी असलेली बरी." देवकीने पदर तोंडाशी नेला. "मग काई कोनी पाहिलं नसन निशाणी. नारळ फुटला, परसाद वाटला, अन् सारे चालले गेले."

बाई परतल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी आयुष्यात कधी शस्त्रपूजा केली नव्हती, आणि आता एका माणसाची अब्रू त्या पूजेच्या हळदीवर टांगलेली होती. कपाटं उघडली की बोटं दिसतील आणि प्रश्न मिटेल, असं त्यांना वाटलं. तिथेच त्या चुकल्या.

६

दुसऱ्या दिवशी फिल्टरघरात, समितीसमोर गोपाळरावांनी मोहरा फोडल्या. उमरेडकरांनी किल्ली लावली. नत्थूजी दाराशी हात जोडून उभा होता, देवकी त्याच्या मागे. ओमप्रकाश पान खायचंही विसरला होता.

दोन्ही पेट्या लख्ख होत्या. हळद नाही, कुंकू नाही, एक ठिपकाही नाही.

देवकीच्या तोंडून "अगं माय" एवढंच बाहेर पडलं. उमरेडकर शांत होते. सत्यवतीबाईंनी मात्र दोन नंबरच्या कपाटातल्या डब्याकडे बोट केलं. "हा उघडा, ओमप्रकाशजी. आत कोणाचं यंत्र आहे?"

चार स्क्रू निघाले. ओमप्रकाशचा चेहरा आधी खुलला, मग उतरला. "हमारी है. बंगलोरची."

"म्हणजे काही न विसरणारी. लाइट आल्यावर वॉश तिनेच पुढे चालवला. बटण कोणी दाबलं नाही. नत्थूजी, ऐकलंत?"

नत्थूजीने जोडलेले हात कपाळाला लावले.

"बरोबर आहे," उमरेडकर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "दोन नंबरवर पहिल्यापासून हीच पेटी आहे. नत्थूजी सुटले, आनंद आहे. पण मग दोष धोंडबाचाच, असं खेदाने म्हणावं लागेल. ही पेटी पुन्हा सुरू होते हे ठाऊक असून तो आत उतरला."

समितीतल्या एकाने मान डोलावली. मेलेला माणूस उलट बोलत नाही, ही मोठी सोय असते.

"ठीक," बाई म्हणाल्या. "मग धोंडबालाच विचारू."

त्या प्रयोगशाळेत गेल्या आणि एक बाटली आणि कापूस घेऊन आल्या. "ही आपल्याच कोठारातल्या चुन्याची निवळी आहे. हळद पुसली की डोळ्यांना दिसत नाही, पण रंगात मुरलेली जात नाही. चुना लागला की ती लाल होते. कुंकू तसंच बनवतात, हे इथल्या बायकांना मी सांगायला नको."

त्यांनी ओला कापूस एक नंबरच्या कपाटातल्या पेटीवर फिरवला. राखी पत्र्यावर आधी काहीच झालं नाही. मग फिकट लाली उमटली, गडद होत गेली, आणि तिची बोटं झाली. माणसाच्या जाड बोटांनी वरून खाली ओढलेले पट्टे.

दोन.

मग दोन नंबरची पेटी. तिच्यावर लाल पट्टा आला तो एकच.

"थ्यायचेच बोटं आहेत," देवकी म्हणाली. ती पुढे आली आणि त्या ओल्या लाल खुणेवर तिने आपलं बोट ठेवलं.

"एक नंबरच्या पेटीला धोंडबाने एक बोट ओढलं होतं, दोन नंबरच्या पेटीला दोन," बाई म्हणाल्या. "त्या आज एकमेकींच्या घरात आहेत. पूजेनंतर बसवताना अदलाबदल झाली. म्हणून सासू गुमसुम झाली आणि भोळीच्या घरात भूत आलं. धोंडबा आपल्या हिशेबाने बिनधोक जागी उतरला होता. आणि साहेब, बसवताना पेट्या बरबटलेल्या होत्या हे तुम्हीच मला सांगितलंत. मोहर लागेपर्यंत कुलूप उघडलं नाही, किल्ली एकच, तीही तुमच्या खिशात. मग यांना पुसलं कोणी?"

उमरेडकरांनी किल्ली समितीच्या टेबलावर ठेवली.

"त्याला वर काढत होते तेव्हा मला कळलं," ते म्हणाले. "पूजेला तो बोटं ओढत होता ते आठवलं. कपाट उघडलं, बोटं मोजली. रुमालाने पुसून काढली. पेट्या परत बदलणारच होतो, तेवढ्यात ओमप्रकाश लाख घेऊन आला. चाचणी बाद झाली असती. वर्षाची मेहनत... मॅडम, ती चूक होती. मी कोणाचा जीव घ्यायला गेलो नव्हतो."

"चूक खंडेनवमीची होती," सत्यवतीबाई म्हणाल्या. "ती कोणाच्याही हातून झाली असती. पण त्यानंतर रोज हा नत्थूजी तुमच्या डोळ्यांदेखत वेडा होत होता. ती चूक नव्हती."

७

पेट्या आपापल्या घरी गेल्या. उमरेडकरांचं पुढे जे व्हायचं ते झालं. त्यांचा अहवाल कोणी वाचला नाही, पण निवड करणं भाग होतं. गोपाळरावांनी ती बाईंवर टाकली.

ओमप्रकाश अखेरपर्यंत झुंजला. "मॅडमजी, विसरत नाही हा आमच्या पेटीचा गुण आहे, दोष नाही!"

"गुणच आहे. दोष पेटीत नव्हताच. पण ज्या यंत्राच्या पोटात माणूस उतरतो, त्याने लाइट आल्यावर आधी माणसाला विचारावं. आपल्याला भोळीच हवी."

दोन्ही फिल्टरांवर भोळी आली. पहिल्यांदा वॉशच्या मध्यावर लाइट गेली आणि परत आली, तेव्हा सगळे जीव मुठीत धरून कठड्याशी उभे राहिले. दोन नंबरची वाळू हलली नाही. हवेचा उसासा नाही, पाण्याची चाहूल नाही. भूत गेलं होतं. आणि बाईंना वाटलं, ते असतं तर निदान धोंडबाचं काहीतरी इथे उरलं असतं. या विचाराची त्यांना लाज वाटली, पण वाटलं तसंच.

आता बटण दाबायचं होतं. नत्थूजीचं बोट बटणापर्यंत गेलं आणि मागे आलं. तो उठला, खोलीतून निघून कठड्याशी आला, वाकून रिकाम्या हौदात पाहिलं आणि मोठ्याने हाक मारली, "धोंडबा, वर ये गा!"

दालनाने ती हाक परत दिली. नत्थूजी थांबला. मग डोळे पुसत आत गेला आणि त्याने बटण दाबलं.

त्या केंद्रावर अजून तशीच पद्धत आहे. नवीन लागलेल्या माणसांना धोंडबा कोण हे ठाऊक नसतं. तरी लाइट आली की ती कठड्याशी येऊन त्यालाच हाक मारतात, आणि उत्तर येत नाही याची खात्री करून मगच बटण दाबतात.